तिसरा मजला, लिफ्ट नाही: एका घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीचं प्रकरण

कोथरूडमधली चाळिशी ओलांडलेली सोसायटी. तळमजला अधिक तीन मजले, सोळा फ्लॅट, लिफ्ट नाही. पुनर्विकासाचा करार झाला (४ जुलै २०१९च्या शासन निर्णयापासून त्यासाठी ५१ टक्के सभासदांची संमती पुरते) आणि बिल्डरने सगळ्यांना २०२५च्या दसऱ्याच्या आत जागा रिकाम्या करून मागितल्या. तिसऱ्या मजल्यावर माझी मावशी एकटी राहते. तिला कर्वेनगरात भाड्याने मिळालं ते वन बीएचके. सागवानी दिवाण, गोदरेजचं कपाट, घरघंटी, डायनिंग टेबल, सोफा, डबल डोअर फ्रिज आणि भिंतभर वॉल युनिट यातलं काहीच तिथे मावणार नव्हतं. वॉशिंग मशीन घरमालकाचं आधीच होतं, त्यामुळे तिचंही विकायचं.

जाहिराती टाकायचं आणि संध्याकाळी मेसेजना उत्तरं द्यायचं काम माझ्याकडे आलं. दारात उभं राहून बोलायचं काम मावशीचं. ही वाटणी आपोआप झाली, पण फार उपयोगी पडली. गिऱ्हाईक मला "लास्ट किती?" विचारायचं तेव्हा मी "वस्तू मावशीची आहे, बघायला या, तिच्याशी बोला" म्हणायचे. दारात आलेला माणूस तीन जिने चढून आलेला असतो. फोनवर निम्म्याने मागणारा तोच माणूस दम खात पाणी मागतो आणि बोलणं जरा माणसात येतं.

अडचण वेगळीच होती. सोळाच्या सोळा घरं एकाच वेळी सामान काढत होती. कोथरूड-कर्वेनगरात जुना सोफा शोधणाऱ्याला एकाच पत्त्यावरचे पाच सोफे दिसत होते, मागे तोच गुलाबी जिना. त्यात बहुतेकांनी लिहिलं होतं: "अर्जंट सेल, सोसायटी रिडेव्हलपमेंटला जात आहे." दुसऱ्या मजल्यावरच्यांनी तर "३० तारखेच्या आत न्यावे" असं ठळक टाकलं. हे वाचून शहाणा माणूस काय करेल? २९ तारखेपर्यंत थांबेल. त्यांना फोन भरपूर येत, आणि जवळजवळ प्रत्येकाचा सूर एकच: "बघा, नाहीच गेलं तर मला सांगा." जुन्या वस्तूच्या भावात निम्मा वाटा विकणाऱ्याच्या हातात किती दिवस आहेत याचा असतो, आणि तो आकडा त्यांनी स्वतःच छापून दिला होता.

मावशीच्या जाहिरातीत तारीख नव्हती. "घर बदलत आहोत" एवढंच. कोणी विचारलं की कधीपर्यंत न्यायचं, तर "ठरलं की लगेच नेऊ शकता." यात खोटं काही नाही.

भाव लावताना मावशीने आपली वही काढली. कुठली वस्तू केव्हा घेतली आणि किती पडली हे सगळं त्यात आहे. दिवाण सुताराला घरी बसवून करून घेतलेला, त्याचे चाळीस हजार झाले होते. हा आकडा तिच्या डोक्यातून काढणं हेच पहिलं काम. मी तिला फोनवर त्याच भागातल्या इतर दिवाणांच्या जाहिराती दाखवल्या. त्यातही एक गोम असते: महिनाभर तशाच दिसणाऱ्या जाहिराती या न विकलेल्या वस्तूंच्या असतात. बरोबर भावाची वस्तू दोन दिवसांत यादीतून नाहीशी होते, त्यामुळे तिचा भाव आपल्याला दिसतच नाही. म्हणून पडून असलेल्या दिवाणांचा सरासरी भाव काढून आम्ही त्याच्या थोडं खाली आलो. वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक वस्तूचा आतला आकडा लिहिला, त्याच्या खाली जायचं नाही. दिवाणाचा जाहीर भाव १८,०००, आतला १२,०००.

जाहिरातीची पहिली ओळ मात्र मी हट्टाने तीच ठेवली: "तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिन्याची रुंदी साडेतीन फूट." मावशी म्हणाली, अगं, आधीच वाईट कशाला सांगायचं? पण हे आधी कळलं नाही तर ते टेम्पो दारात लागल्यावर कळतं आणि तिथे पुन्हा भाव सुरू होतो. मग लांबी-रुंदी-उंची, दिवाण सुटा होतो की नाही, आणि दिवसाउजेडी काढलेले फोटो, त्यात जिथे ओरखडा आहे तोही. फोन कमी आले, पण आले ते खरे आले.

पहिली विक्री आणि पहिला ठग

सगळ्यात आधी घरघंटी गेली, जी मावशीच्या मते कोणी घेणार नव्हतं. जाहिरात अनंत चतुर्दशीच्या आसपास पडली आणि दिवाळी दीड महिन्यावर होती. वारज्याच्या एक बाई ऑर्डरीने चकलीची आणि थालीपिठाची भाजणी करून देतात, त्यांना गिरणीत रांग लावायला वेळ नव्हता. येताना त्यांनी पिशवीतून मूठभर हरभऱ्याची डाळ आणली होती. मशीन चालू करून डाळ टाकली, पीठ चिमटीत घेऊन चोळलं, मग जाळ्या मोजल्या. एक जाळी कडेला फाटली होती, ती उजेडाकडे धरून दाखवली आणि म्हणाल्या, "ही नवी घ्यावी लागेल. साडेसहा देते." जाहीर भाव आठ होता. मावशीने सात म्हटलं, त्यांनी लगेच जीपे केलं. त्या गेल्यावर मावशी म्हणाली, जाळीचे पाचशे तिने बरोबर मागितले, बाकीचे पाचशे मी उगाच सोडले. मला तसं वाटत नाही. स्वतः डाळ घेऊन येणारं गिऱ्हाईक ही फार दुर्मीळ गोष्ट आहे, त्याला पाचशे सोडावेत.

त्याच संध्याकाळी फ्रिजसाठी फोन आला. "मैं आर्मी में हूँ, लोहगाव पोस्टिंग है. फोटो देख लिया, साढ़े सात हजार फाइनल." गॅस भरलाय का, किती लिटर, किती जुना, काहीच विचारणं नाही. पाठोपाठ ओळखपत्राचा फोटो, गणवेशातला. मग क्यूआर कोड: हा स्कॅन करा, तुमच्या खात्यात पैसे येतील. हा प्रकार आता इतका जुना झालाय की तो ओळखीचा वाटावा, पण मावशीसारख्यांना लष्कराचं नाव ऐकून संकोच वाटतो, माणसाला नाही कसं म्हणायचं. यूपीआयवर पैसे घ्यायला ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. व्यवहाराला पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातातच. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५पासून एका व्यक्तीने दुसरीकडे पैसे मागायची 'कलेक्ट रिक्वेस्ट' बंद केली खरी, पण क्यूआरची फसवणूक त्याने थांबत नाही. फसलंच कोणी तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करायची, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात.

मला यात खटकलं ते ओळखपत्र नव्हे. साडेसात मागितले आणि त्याने साडेसातच दिले. जुना फ्रिज न बघता, एक रुपया कमी न करता घेणारा माणूस पुण्यात जन्माला यायचाय.

पंधरवडा

८ सप्टेंबरला पितृपक्ष लागला आणि फोन थंड झाला. नवीन वस्तू या दिवसांत घेत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असतं. जुनीही घेत नाहीत, विशेषतः झोपायची वस्तू. बाहेरगावहून आलेले विद्यार्थी आणि आयटीतली पोरं तेवढी चौकशी करत होती, त्यांना अभ्यासाची टेबलं हवी होती, आमच्याकडे ती नव्हती. सोसायटीत घबराट याच दिवसांत पसरली. डायनिंग टेबल मात्र एका मेसवाल्याने नेलं, चार हजारांना, खुर्च्या मोजून, वरची काच उचलून ठोकून बघून. मेसला पंचांग नसतं.

याच काळात जुन्या सामानाचे व्यापारी इमारतीत फिरू लागले. त्यांना पंचांग पाठ असतं, घरवाल्यांपेक्षा जास्त. एक जण मावशीकडे आला, सगळ्या खोल्यांतून एक चक्कर मारली, कशालाही हात लावला नाही आणि म्हणाला, "सगळं मिळून बावीस. आज उचलतो, खोली झाडून देतो." मावशीचा चेहरा पडला. मी त्याला बसवून चहा दिला आणि नुसत्या दिवाणाचे किती, असं विचारलं. नऊ. कपाटाचे? चार. म्हणजे बावीसातले तेरा दोनच वस्तूंचे, आणि फ्रिज, सोफा, वॉशिंग मशीन, वॉल युनिट मिळून उरलेले नऊ. घाऊक भाव असा फोडून विचारला की व्यापाऱ्याचा डोळा कशावर आहे ते कळतं.

त्याने आपली बाजूही मांडली, आणि ती खोटी नव्हती. हमाल, टेम्पो, गोदामाचं भाडं, पॉलिश, आणि महिनोन्महिने पडून राहणारा माल. छोट्यामोठ्या वस्तू तो बुधवारी-रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात फुंकतो, तिथे जे येईल ते. जाताना उंबऱ्यावर थांबून एक वाक्य बोलला: "दिवाण दुसऱ्याला दिला तर बाकीचं मी नेणार नाही, मावशी. मग ते तुमचं तुम्ही बघा." ही धमकी नव्हती, हिशेब होता. चांगल्या वस्तू सुट्या विकल्या की जास्त पैसे येतात, पण उरलेला गाळ आपल्याच गळ्यात पडतो. सुटं विकायचं की एकगठ्ठा, हा सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. मावशी निवृत्त आहे, दिवसभर घरी असते, बेलला कंटाळत नाही. नोकरीवरून रजा टाकून घर आवरणाऱ्याला मी बावीस घे असंच सांगेन.

दिवाण

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी वारज्याहून एक जोडपं आलं, बरोबर मुलाची आई. फोनवर मुलगाच बोलला होता, पण दारात शिरल्यावर कळलं की व्यवहार आई करणार. त्यांनी आधी दिवाणाच्या कडेवर बोटाच्या पेराने ठोकलं. मग चादर उचलायला लावली, खालचे कप्पे ओढले, मोबाईलचा टॉर्च लावून आत वाकल्या. बराच वेळ वर आल्या नाहीत.

"चौकट सागवानी आहे," वर येत म्हणाल्या, "फळ्या प्लायच्या."

हे आमच्या जाहिरातीत नव्हतं, कारण मला ठाऊकच नव्हतं. मावशीने मान हलवली. "हो. एका पावसाळ्यात भिंतीतून ओल आली, मूळच्या फळ्या कुजल्या. तेव्हा मरीन प्लाय टाकून घेतला."

"कोणी आजारी होतं का हो यावर?"

मुलगा चुळबुळला. "आई..." मावशी मात्र शांत होती. "आमचे हे यावरच झोपायचे. गेले ते हॉस्पिटलात. घरी कोणी गेलेलं नाही."

बाईंनी यावर काही विचारलं नाही. सुनेने एकदा दिवाणावर बसून पाहिलं. मग भाव.

"दहाला द्या, वहिनी."

"दहाला सागवानाची नुसती चौकट होत नाही आता."

"प्लाय आहे ना पण."

"प्लाय आहे म्हणूनच अठरा म्हटलेत."

"अकरा."

मावशी उठून आतल्या खोलीत गेली. मला वाटलं वही बघायला गेली, पण ती कापसाची गादी ओढत घेऊन आली. "ही गेल्या वर्षी पिंजून घेतलीय. खोळ नवी शिवा, दहा वर्षं बघायला नको. दिवाणाबरोबर देते. साडेतेरा."

मला हे अजिबात सुचलं नसतं. वापरलेली फोमची गादी फुकटही कोणी नेत नाही. कापसाची गादी उसवून, पिंजून पुन्हा नवी होते, त्यामुळे तिला किंमत असते आणि कोणी झोपलं होतं की नाही हा प्रश्नही कापसाबरोबर पिंजला जातो. नव्या घरी मावशीला ती गादी नकोच होती, तिथे पलंग घरमालकाचा, गादीसकट. म्हणजे तिला शून्य पडणारी वस्तू समोरच्या बाईला दोन-अडीच हजारांची पडत होती. बाईंनी गादीचा कोपरा मुठीत दाबून सोडला, कापूस पुन्हा वर येतो का बघितलं, आणि मुलाकडे पाहिलं.

"तेरा," मुलगा म्हणाला.

"साडेतेरा," मावशी म्हणाली, "आणि सुटा करायला आमचा सुतार येईल, त्याला ठाऊक आहे कुठला खिळा कुठे आहे. त्याचे पैसे तुम्ही द्या."

ठरलं. पण न्यायचा घटस्थापनेला, त्याआधी नाही. तोपर्यंत दोन हजार टोकन. हा मुद्दा महत्त्वाचा, कारण "आत्ता येतो" म्हणून न येणारे आम्ही भरपूर पाहिले होते. टोकन घेतलं की दुसऱ्यांना नाही म्हणायला तोंड राहतं. २२ तारखेला सकाळी ते आले, सुताराने तासाभरात दिवाण सुटा केला आणि छोटा हत्ती भरून निघून गेला. कोणीही पुन्हा भाव काढला नाही.

टेम्पो खाली उभा असताना

कपाटाच्या वेळी मात्र काढला. गोदरेज १९२३पासून पोलादी कपाटं करतंय आणि त्यांना जुन्या बाजारात आजही गिऱ्हाईक आहे, पण जुनं कपाट वजनाला असं असतं की ते विकताना आपण लोखंडापेक्षा जिना विकत असतो. जाहीर भाव ९,०००. सिंहगड रस्त्यावरच्या एका दुकानदाराने लॉकरच्या किल्ल्या दोन्ही आहेत का, एवढंच विचारून फोनवर साडेसहा ठरवले. नवरात्रात दुपारी दोन हमाल आणि टेम्पो घेऊन आला. हमालांनी जिन्याचं वळण बघितलं आणि पंधराशे मागितले. तो मावशीकडे वळला. "काकू, हे पंधराशे म्हणतायत. मला परवडत नाही. पाचला करा."

बहुतेक लोक इथे घाबरतात, कारण कपाट आता जावं असं वाटत असतं. पण त्या क्षणी अडलेला कोण आहे? टेम्पो खाली उभा, त्याचं भाडं द्यायचंच. दोन हमाल तीन मजले चढून आलेले, त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवलं तरी चहापाण्याचे मोजावे लागणार. मावशी म्हणाली, "जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहिलंय, दादा, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पाणी घेता का?" त्याने पाणी घेतलं, हमालांना बाराशेवर आणलं आणि साडेसहा दिले. दारं बांधून, आतल्या फळ्या काढून, गोणपाटावरून सरकवत कपाट खाली उतरवायला त्यांना जवळजवळ तास लागला. पहिल्या मजल्याच्या वळणावर भिंतीचा टवका उडाला. इमारत पडणारच असल्यामुळे त्यावरून कोणी भांडलं नाही.

हेच उलटं दसऱ्याच्या दोन दिवस आधी घडलं असतं तर मावशीने पाचला दिलं असतं आणि मीही तिला द्यायलाच सांगितलं असतं.

बाकीचं भराभर. फ्रिज कर्वेनगरातल्या दोन मुलांनी साडेपाचला नेला. त्यातला एक जाणकार निघाला: दहाची नोट दारात धरून दार लावलं आणि नोट ओढून पाहिली. वरच्या कोपऱ्यात ती सहज सुटली, म्हणजे रबर सैल. दारावरच्या पाच ताऱ्यांचं त्याला कौतुक नव्हतं, आणि बरोबरच आहे. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात, २०१४चे पाच आज पाच राहत नाहीत. फ्रिज आम्ही रिकामा करूनही चालू ठेवला होता, बर्फ जमलेला दाखवता आला. बंद फ्रिज हा गिऱ्हाइकाच्या लेखी बिघडलेलाच असतो. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन अडीच हजारांना खालच्या वॉचमनच्या मेहुण्याने घेतलं. इन्व्हर्टरची बॅटरी विकायच्या भानगडीत पडलो नाही. मावशीच्या मुलाला स्वतःच्या घरी नवी घ्यायची होती, दुकानदार जुनी बॅटरी शिशाच्या किमतीपोटी वळती करून घेतो.

सोफ्याला आठ हजार लावले होते, तो दीड हजारांना गेला. कापडी सोफा म्हटला की लोकांना ढेकूण दिसतात. आलेल्या एका बाईंनी हात घालून शिवणी उलट्या केल्या, काही सापडलं नाही, तरी "नको बाई, रिस्क" म्हणून गेल्या. तांब्याच्या बंबासाठी एका हॉटेलवाल्याने मोडीपेक्षा तीन हजार जास्त देऊ केले, शोभेला हवा होता. मावशीने जाहिरात काढून टाकायला लावली.

पैसे मोजले तर ४०,५०० आले. त्यातले घरघंटी आणि डायनिंग टेबलाचे अकरा हजार सोडले तर व्यापाऱ्याने मोजलेल्या वस्तूंचे २९,५००, आणि त्यांना व्यापारी शेवटी पंचवीसवर आला होता. वरच्या साडेचार हजारांसाठी मावशीने जवळजवळ महिनाभर बेल ऐकली, असंख्य लोकांना पाणी दिलं आणि सांगण्यासारख्या गोष्टी गोळा केल्या. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी ३० तारखेला सगळं घर त्याच व्यापाऱ्याला १४ हजारांना दिलं. त्यांचा डायनिंग सेट आमच्यापेक्षा चांगला होता.

राहिलं वॉल युनिट. भिंतीला ठोकलेलं, सनमायकाचं, काढलं की नुसत्या भोकं पडलेल्या फळ्या. व्यापाऱ्याला फोन केला तर तो हसला, म्हणाला, सांगितलं होतं ना. फुकट न्या अशी जाहिरात टाकली, तिसरा मजला वाचून कोणी आलं नाही. अखेर भंगारवाल्याला बोलावलं. लाकडाला वजन नाही, खिळे काढायची मजुरी वर, असं म्हणून त्याने नेण्याचे उलट आमच्याकडेच आठशे मागितले. मावशीने त्याच्याशीही अर्धा तास घासाघीस केली, तो पाचशेवर आला, आणि जाताना गॅलरीतल्या दोन तुटक्या कुंड्या आणि माळ्यावरचा गंजका स्टूलही त्याच पाचशेत घेऊन गेला.